झागोर्का : बंद खोलीतली वार्ताहर

(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



अभ्यासवर्गाच्या पत्रिकेत माझ्या विषयापुढे नुसतं 'क्रोएशियातील एक लेखिका' असं छापलंय. नाव जिभेवर बसायला अवघड म्हणून गाळलं असावं. तेव्हा पहिल्यांदा नावच सांगते. मारिया युरिच. लिहिताना ती त्याला 'झागोर्का' जोडायची. झागोर्ये हा झाग्रेब शहराच्या उत्तरेचा डोंगराळ मुलूख, आणि झागोर्का म्हणजे तिथली बाई. जन्म १८७३ चा, मृत्यू १९५७ चा. कादंबरीकार, नाटककार, तिच्या देशातली पहिली व्यावसायिक स्त्री-पत्रकार, बायकांच्या मासिकाची संपादक. मी तिला 'ती'च म्हणणार आहे. आपल्या जिवाभावाच्या कार्यकर्त्यांना आपण 'अहो-जाहो' करत नाही, तसंच.

'थोर स्त्रियांची चरित्रे' सांगायला मी उभी नाही. कुटुंब सल्ला केंद्रात काम करताना दोन गोष्टी रोज समोर येतात. एक म्हणजे नवऱ्याच्या वकिलाने आणलेला कागद, ज्यावर लिहिलेलं असतं की बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. दुसरी म्हणजे आमच्या नोंदीच्या फॉर्मवरचा 'व्यवसाय' हा रकाना. सकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंत राबणारी बाई तिथे सांगते, "काही नाही, घरीच असते." झागोर्काच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी इतक्या उघड दिसतात, की तिची माहिती वाचायला लागल्यावर मला ती सोडवेना.

आता थोडी पार्श्वभूमी. तेव्हा क्रोएशिया स्वतंत्र देश नव्हता. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात तो हंगेरीच्या वाट्याला आलेला होता. वर एक राज्यपाल, त्याला 'बान' म्हणत. १८८३ पासून १९०३ पर्यंत, म्हणजे वीस वर्षं, कुएन-हेडरवारी नावाचा बान होता आणि हंगेरीची भाषा आणि हंगेरीचं वर्चस्व लादणं हे त्याचं धोरण. मारियाचे वडील एका सरदाराच्या, बॅरन राउखच्या इस्टेटीवर कारभारी होते. सरदाराच्या मुलांबरोबर तिलाही घरी येणारे शिक्षक शिकवत. पुढे ती झाग्रेबला जोगिणींच्या मुलींच्या शाळेत गेली. तिथे तिने हाताने लिहून एक वर्तमानपत्र काढलं, त्याची प्रत एकच. शिक्षण आणखी पुढे जाऊ शकलं असतं, सरदार तिला स्वित्झर्लंडला पाठवायलाही तयार होता. आईने मोडता घातला.

१८९१ साली, म्हणजे अठराव्या वर्षी, आईच्या आग्रहाने तिचं लग्न लावलं. नवरा हंगेरीच्या रेल्वेतला अधिकारी, वयाने सतरा-अठरा वर्षांनी मोठा, आणि हंगेरीचा कट्टर अभिमानी. ते राहायला गेले हंगेरीतल्या सोंबातहेय या गावी. बायको क्रोएशियन, तीही लिहायची हौस असलेली. घरात काय होत असेल ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्या चार वर्षांत ती मनाने पार मोडून गेली. पण त्याच चार वर्षांत ती हंगेरियन भाषा शिकली आणि तारयंत्र चालवायला शिकली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८९५ साली ती पळाली. आधी मामा-काकांपैकी एका नातलगाकडे स्रेम्स्का मित्रोवित्सा या गावी, मग झाग्रेबला. आणि मग नवऱ्याने काय केलं? ती वेडी असल्याचा आरोप केला. तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आलं. डॉक्टरांच्या लक्षात आलं की बाई शहाणी आहे, तेव्हा सोडलं. पुढे घटस्फोटाचा खटला उभा राहिला. त्यात वडील तिच्या बाजूने आणि आई विरुद्ध. आईने लेकीच्या विरुद्ध साक्ष दिली. संसार मोडल्याचा दोष मुलीवर आला, म्हणून नवऱ्यावर पोटगीची जबाबदारी राहिली नाही आणि तिच्या वस्तूसुद्धा तिला परत मिळाल्या नाहीत.

इथे मी जरा थांबते, कारण आपल्या शिबिरांत हा प्रश्न हमखास येतो. बाईच बाईची वैरीण असते ना? मला हे वाक्य आवडत नाही. ज्या आईने लग्न ठरवलं, तिच्या हातात आयुष्यभरात दुसरा कोणता निर्णय होता? लेकीचं लग्न हा त्या बाईचा एकुलता एक कारभार. तो मोडला असं कबूल करायचं, तर स्वतःच्या सगळ्या आयुष्याचा हिशेब चुकला म्हणावं लागतं. आमच्या केंद्रात मुलीला "परत जा" म्हणणाऱ्या आया मी अनेक पाहिल्यात. त्यांच्या डोळ्यांत वैर कमी आणि भीती जास्त असते. याने त्या साक्षीचं समर्थन होत नाही. त्या साक्षीने मारियाचं नुकसान झालं ते झालंच. पण वैरीण म्हणून आपण मोकळ्या झालो, की ज्या कायद्याने 'दोषी बायको'ला पोटगीवाचून रस्त्यावर काढलं तो कायदा नजरेआड होतो.

तर ही तेवीस वर्षांची घटस्फोटित, 'वेडी' ठरून सुटलेली बाई, झाग्रेबच्या 'ओब्झोर' या मोठ्या दैनिकात काम मागायला गेली. ३१ ऑक्टोबर १८९६ ला तिचा पहिला लेख छापून आला. त्याचं शीर्षक हंगेरियन भाषेत होतं, अर्थ 'एक क्षण'. विषय काय? तर क्रोएशियातल्या रेल्वे स्टेशनांवर सगळा व्यवहार हंगेरियन भाषेत चालतो आणि बहुसंख्य प्रवाशांना ती समजत नाही. रेल्वेतल्या नवऱ्याच्या घरात राहून जे कमावलं, ते तिने असं बाहेर काढलं. पोटगी मिळाली नाही, वस्तू मिळाल्या नाहीत, पण भाषा कुणाला काढून घेता आली नाही. आपल्याकडे नवऱ्याच्या दुकानात, शेतात, गॅरेजात फुकट राबलेल्या बायका येतात आणि "मला काहीच येत नाही" म्हणतात, तेव्हा मला झागोर्काचा हा लेख आठवतो. मी विचारते, तिथे इतकी वर्षं काय काय करत होतात ते सांगा. यादी लांबत जाते.

'ओब्झोर'ने तिला नोकरी दिली ती मुद्रितं तपासायची. वार्ताहर म्हणून बाई नको होती. बिशप स्ट्रॉसमायर हे तिथलं मोठं प्रस्थ, राष्ट्रीय चळवळीतलं वजनदार नाव. त्यांनी शब्द टाकला तेव्हा संपादक मंडळात घेतलं. पण बसायला वेगळी खोली. का? तर येणाऱ्या-जाणाऱ्याला बाई दिसू नये. देशप्रेमी, सुधारकी वर्तमानपत्र बरं का हे! परकीय सत्तेविरुद्ध अग्रलेख लिहिणारं. बाईने लिहिलेलं चालत होतं, लिहिणारी दिसलेली चालत नव्हती.

त्या खोलीत बसून ती राजकीय बातम्या लिहायची. १९०३ साली बानच्या विरोधात देशभर उठाव झाला, धरपकड झाली. 'ओब्झोर'चे संपादक तुरुंगात गेले. मग पेपर कुणी चालवला? पाच महिने झागोर्काने, जवळपास एकटीने. दिसायलाही नको असलेली बाई अख्खं दैनिक काढत होती. त्याच वर्षी तिने बानच्या विरोधात बायकांचं निदर्शन काढलं आणि त्याबद्दल दहा दिवस एकांतकोठडीत काढले. कोठडीत तिने 'एवित्सा गुप्चेवा' हे नाटक लिहिलं. १५७३ मध्ये मातिया गुबेत्स याच्या पुढारीपणाखाली झागोर्येच्या शेतकऱ्यांनी सरदारांविरुद्ध मोठा उठाव केला होता, त्या काळातलं हे नाटक. इतिहासाने गुबेत्सचं नाव राखलं, हिने नाटकाला नाव दिलं ते बाईचं.

पुरुष तुरुंगातून सुटले, आपापल्या खुर्च्यांवर येऊन बसले. पाच महिन्यांचं संपादकपद तिला कुणी कायमचं दिलं नाही. संप, दंगल, युद्ध, आंदोलन असलं की बायकांना पुढे करायचं आणि घडी बसली की "आता तुम्ही दमला असाल" म्हणायचं, हे आपल्यापैकी कितीजणींनी आपापल्या संघटनांत अनुभवलंय ते हात वर करून विचारण्याची गरज नाही.

पुढे १९०६ नंतर ती बुडापेस्टला गेली, हंगेरी आणि क्रोएशियाच्या संयुक्त संसदेचं वार्तांकन करायला. भाषा येत होती ना! तिथल्या आणि व्हिएन्नाच्या राजकारणावर तिने लिहिलं. १९१० मध्ये क्रोएशियन पत्रकारांची संघटना स्थापन झाली, त्या संस्थापकांत तीही होती. दरम्यान कष्टकरी बायकांना एकत्र आणायचं कामही चालू होतं. 'राबणाऱ्या बायकांचं मंडळ' असं त्या संघटनेचं नाव आपल्या भाषेत सांगता येईल.

आता कादंबऱ्यांकडे येते, कारण लोकांना ती माहीत आहे त्यांच्यामुळेच. त्या काळी झाग्रेबचा मध्यमवर्ग जर्मन भाषेतल्या स्वस्त कादंबऱ्या वाचायचा. स्ट्रॉसमायरनी तिला सांगितलं, आपल्या लोकांसाठी, आपल्या भाषेत, आपल्या इतिहासावर लिही. तिने लिहायला घेतलं ते वर्तमानपत्रांतून, रोजच्या रोज, क्रमशः. १९१० ची 'पेत्रिन्स्का रस्त्यावरची राजकन्या' ही क्रोएशियन भाषेतली पहिली गुन्हेकथा मानतात. नंतरची 'गोर्दाना' ही त्या भाषेतली सगळ्यात लांबलचक कादंबरी. 'तांबडा महासागर' नावाची भविष्यकाळातली कथाही तिच्या नावावर आहे. नाटकांत 'यालनुशेव्चानी' ही आपल्या मुलखातल्या मत्सरी, आतल्या गाठीच्या छोट्या गावाची खिल्ली उडवणारी सुखात्मिका.

पण सगळ्यांत गाजली ती 'ग्रिचका व्येश्तित्सा', म्हणजे 'ग्रीचची चेटकीण'. १९१२ ते १९१४ या काळात ती क्रमशः छापून आली, एकंदर सात कादंबऱ्यांची माळ. ग्रीच म्हणजे झाग्रेबचा टेकडीवरचा जुना भाग. काळ अठराव्या शतकाचा, महाराणी मारिया थेरेसाचा. नायिका नेरा, उमराव घराण्यातली, आईबाप नसलेली, आजीने वाढवलेली, हुशार, बोलकी. गावातल्या गरीब बायकांना चेटकीण ठरवून जाळलं जातंय हे तिला सहन होत नाही. ती मध्ये पडते, आणि मग तिच्यावरच चेटकिणीचा आळ येतो.

हे सगळं कल्पनेतलं नाही. झाग्रेबमध्ये असे खटले खरोखर चालले, बायका खरोखर जाळल्या गेल्या. ते थांबले कसे, तेही सांगते. क्रिझेव्त्सी गावच्या माग्दा लोगोमेर नावाच्या बाईला चेटकीण ठरवून शिक्षा झाली होती. १७५८ मध्ये मारिया थेरेसाने तिला व्हिएन्नाला मागवून घेतलं. राणीचे वैद्य फान स्वीटन यांनी तिला तपासलं आणि तिच्यावरचे आरोप खोटे ठरवले. तिची सुटका झाली आणि त्यानंतर क्रोएशियात तसा खटला चालला नाही. आपल्याकडे सातपुड्यात 'डाकीण' ठरवून बाईला मारहाण होते, गावाबाहेर काढतात. जादूटोणाविरोधी कायदा व्हायला महाराष्ट्रात २०१३ उजाडावं लागलं.

मला वाटतं, वेडी ठरवलेल्या आणि डॉक्टरांच्या तपासणीनंतर सुटलेल्या बाईने चेटकीण ठरवलेल्या बाईची गोष्ट लिहिली, हा योगायोग नसावा. नेरा चेटकीण कशी ठरते ते बघा. ती बोलते, ती दिसते, ती मध्ये पडते. पुराव्याची गरजच नाही. आधी संशय, मग साक्षीदार आपोआप गोळा होतात, त्यांत ओळखीच्या बायकाही असतात. ही प्रक्रिया झागोर्काने कोर्टात स्वतः पाहिली होती.

समीक्षकांनी या कादंबऱ्यांना काय म्हटलं? शुंड. म्हणजे कचरा, सवंग वाङ्मय. गायी राखणाऱ्या, दूध काढणाऱ्या बायकांनी वाचायचं साहित्य अशी तिच्या लेखनाची हेटाळणी झाली. यात दोन अपमान आहेत. एक लेखिकेचा आणि दुसरा वाचणाऱ्या बायकांचा. दुधाच्या धारा काढणारी बाई वाचते, रोज पुढचा भाग मागते, याचा आनंद व्हायच्या ऐवजी साहित्यिकांना त्याची लाज वाटली.

आता तुमच्यातल्या काहीजणी म्हणतील, आणि म्हणायलाच हवं, की या कादंबऱ्यांत तरी काय आहे? नायिका सुंदर, गोरीपान, बहुतेकदा सरदार घराण्यातली. संकटातून सोडवायला शूर अधिकारी येतो. शेवटी लग्न. हे खरंच आहे. नेराला वाचवायलाही पुरुषच येतो. स्वतः झागोर्काची दोन्ही लग्नं मोडली, दुसरं एका पत्रकाराबरोबर झालं होतं आणि चारेक वर्षं टिकलं, पण वाचकांना मात्र तिने प्रेमाचा गोड शेवट दिला. मी त्याचं कौतुक करणार नाही. पण ती काय करत होती ते समजून घ्यावंसं वाटतं. प्रेमकथेच्या ओढीने बाई पेपर हातात घेते. त्यात तिला कटकारस्थान करणारी, घोड्यावर बसणारी, कोर्टात उलट उत्तर देणारी, राज्यकारभारात हात घालणारी बाई भेटते. पथनाट्यात आपण आधी ढोलकी वाजवतो, मग हुंड्याचा विषय काढतो. ढोलकी वाजवल्याबद्दल आपल्याला कुणी सवंग म्हणालं तर आपण काय उत्तर देऊ?

हाच वाद तिच्या मासिकाबद्दलही घालता येतो. १९२५ मध्ये तिने 'झेन्स्की लिस्त', म्हणजे 'स्त्रियांचं पत्र', सुरू केलं. तोवर बायकांसाठी असं मासिक तिकडे नव्हतं. १९३८ पर्यंत ती त्याची संपादक होती. त्यात स्वयंपाक होता, शिवणाचे नमुने होते, फॅशन होती, आणि त्यांच्याच शेजारी बायकांचे हक्क, नोकरी, मतदान यांवरचे लेख होते. शुद्ध वैचारिक मासिक काढलं असतं तर ते किती घरांत गेलं असतं? आपणही हे त्रैमासिक चालवतो, वर्गणीदारांचे आकडे आपल्याला माहीत आहेत. मी स्वतः पाककृतींच्या बाजूची नाही, पण तिच्या पानांकडे बघून नाक मुरडायचंही माझ्याच्याने होत नाही. प्रकाशकांशी पटेना तेव्हा तिने ते सोडलं आणि 'ह्र्वातित्सा', म्हणजे 'क्रोएशियन स्त्री', हे नवं मासिक काढलं. वय तेव्हा पासष्टच्या पुढे.

१९४१ मध्ये हिटलरच्या आणि मुसोलिनीच्या आशीर्वादाने क्रोएशियात उस्ताशांची राजवट आली. त्यांनी मासिक बंद पाडलं. अंक जप्त केले, वर्गणीचे पैसे नेले, तिच्या घरातलं फर्निचरसुद्धा उचलून नेलं. लिहिण्याला बंदी आली. या काळात तिने आत्महत्येचा प्रयत्न केला. १९४४ मध्ये ती फॅसिस्टांविरुद्ध लढणाऱ्या पार्टिझनांत सामील व्हायला निघाली, तर त्यांनी घेतलं नाही. सत्तरीची म्हातारी, त्यात सवंग कादंबऱ्या लिहिणारी! नंतर आलेलं सरकार डाव्या विचारांचं. १९४५ मध्ये बायकांना मताचा हक्क मिळाला, तेव्हा झागोर्का बहात्तर वर्षांची होती.

या नव्या व्यवस्थेतही तिला मानाचं पान मिळालं नाही. तिने मग स्वतःच आपली हकीकत लिहिली, १९५३ मध्ये, 'काको ये बिलो', म्हणजे 'कसं घडलं ते'. मला या नावात फार मोठी गोष्ट दिसते. आपण काय केलं हे दुसरं कुणी लिहिणार नाही, हे तिने ओळखलं होतं. नाही तर वयाच्या ऐंशीव्या वर्षी कुणी जुन्या फायली उघडून बसत नाही.

तिच्या मृत्यूनंतर पंचवीस-तीस वर्षं विद्यापीठांनी तिच्याकडे फारसं पाहिलं नाही. लोक मात्र वाचत राहिले, पुस्तकं पुन्हा पुन्हा छापली गेली. १९८६ मध्ये स्तान्को लासिच या मान्यवर समीक्षकाने तिच्या लेखनाच्या सुरुवातीच्या काळावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याच सुमाराला लिदिया स्क्लेवित्स्की या तरुण स्त्रीवादी अभ्यासकीने तिला चळवळीच्या इतिहासात आणून बसवलं. ही स्क्लेवित्स्की भारी बाई. तिने शाळेतली इतिहासाची पाठ्यपुस्तकं घेऊन त्यांतली चित्रं मोजली होती. बायकांपेक्षा घोडेच जास्त निघाले. १९९० मध्ये अपघातात ती गेली, अगदी तरुण वयात. आपल्या मुलांची पुस्तकं घेऊन हा उद्योग एखाद्या रविवारी आपणही करू शकतो.

झाग्रेबच्या त्काल्चिचेवा रस्त्यावर आज झागोर्काचा पुतळा आहे, हातात छत्री घेतलेला. तिचं शेवटच्या वर्षांतलं घर दोलात्स इथे आहे. दोलात्स म्हणजे तिथली मोठी मंडई. आसपासच्या खेड्यांतून बायका भाजी, दूध, चीज घेऊन तिथे विकायला येतात, लाल छत्र्यांखाली बसतात. ज्यांच्यासाठी लिहिते म्हणून तिला हिणवलं, त्या बायका तिच्या खिडकीखालीच बसत होत्या. ते घर नगरपालिकेने घेतलं आणि तिथल्या स्त्री-अभ्यास केंद्राच्या हाती सोपवलं. २००९ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. दरवर्षी तिच्या नावाने व्याख्यानं, चर्चा होतात.

माझं बोलणं इथे संपलं. चहा आला आहे असं मागून खुणावतायत. 'झेन्स्की लिस्त'च्या पाककृतींवरून ज्यांना माझ्याशी भांडायचंय त्यांनी कप घेऊन माझ्याकडेच यावं.